चव्वेचाळीस पॉइंट आठ

“तुमचा पारा पंचेचाळीसले भेते काय, साहेब?”

सुमनबाई तायडेंनी प्रश्न विचारला प्राचार्यांना, पण पाहत होत्या माझ्याकडे. त्यांच्यामागे दालमिलच्या अंगणात काम करणाऱ्या पाचसहा बायका दाराशी उभ्या होत्या. सगळ्यांच्या डोक्याला ओले दुपट्टे. अकोल्यातला मे महिना, सकाळचे साडेदहा. प्राचार्य गावंडे यांच्या डोक्यावरचा पंखा या कोपऱ्यातली गरम हवा त्या कोपऱ्यात न्यायचं काम इमानेइतबारे करत होता.

“बसा ना बाई,” प्राचार्य म्हणाले.

“बसाले टाइम नाई. आज सतरा तारीख. पूर्ण महिन्यात एक दिवस बी पंचेचाळीस नाई? तिकडं वर्धा शेहेचाळीस, चंद्रपूर सत्तेचाळीस. अन् आपलं काय, तं चव्वेचाळीस पॉइंट आठ. परवा पॉइंट सहा. काल पुन्हा पॉइंट आठ. हे काय महाबळेश्वर हाय?”

मागची एक बाई हसली. सुमनबाईंनी वळून पाहिलं, तेव्हा थांबली.

आमच्या कॉलेजच्या मागच्या मैदानात लाकडी पट्ट्यांची एक पांढरी पेटी चार पायांवर उभी होती. आत तापमापक. रोज संध्याकाळी साडेपाचला दिवसाचं कमाल तापमान वाचून वहीत नोंदवायचं आणि स्थानिक वर्तमानपत्राला कळवायचं, हा कॉलेजचा जुना रिवाज. शहरात तोच आकडा खरा मानला जाई. दोन वर्षांपूर्वी मिलवाले आणि कामगार बायका यांच्यात एक करार झाला. कॉलेजचा पारा पंचेचाळीसला टेकला, की दुसऱ्या दिवशी बारा ते चार अंगणातलं काम बंद, मजुरी चालू. अंगण म्हणजे सिमेंटचा उघडा चौक. तिथे भिजवलेली तूर वाळत घालतात आणि ती पायांनी फिरवावी लागते. पायांत काही घालून फिरवली, तर डाळ फुटते म्हणतात.

आधीच्या मेमध्ये बायकांना अकरा दुपारी मिळाल्या होत्या. यंदा एकही नाही.

“परवा निर्मला पडली अंगणात,” सुमनबाई म्हणाल्या. “दवाखान्यात हाय. डॉक्टर म्हणते, वाचली हेच खूप झालं. आता मले सांगा, तुमचा तो खंडारे पाह्यते कुठं? पाऱ्याकडं का मिलवाल्यायकडं?”

“म्हणजे काय म्हणायचंय?”

“त्याच्या पोरीच्या लग्नात मिलच्या गाडीवर डाळीचे दोन कट्टे आले. आमच्यातल्या बाईनं डोळ्यांनं पाह्यले.”

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी भूगोल विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी एकटाच असल्यामुळे हे पद मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी मिळालं होतं. नोकरी मात्र अजून कायम झालेली नव्हती. ती जूनमध्ये व्हायची होती, आणि कागदावर प्राचार्यांची सही लागणार होती.

“फणसळकर सर चौकशी करतील,” प्राचार्य म्हणाले. “तीन दिवसांत रिपोर्ट.”

“हे कुठले?” सुमनबाईंनी विचारलं.

“रत्नागिरीचे.”

“मंग यायले ऊन काय समजते,” असं म्हणून त्या गेल्या.

शेषराव खंडारे हे प्रयोगशाळा परिचर. सत्तावन्न वर्षांचे, किडकिडीत, खाकी शर्टाची सगळी बटणं लावणारे. एकवीस वर्षं त्यांनी तो पारा वाचला होता. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. गावात त्यांना मान होता, म्हणजे चहाच्या टपरीवर सकाळी कोणीतरी हटकून विचारी, “काय शेषरावभाऊ, आज किती जाईन?” आणि ते दरवेळी तेच उत्तर देत, “पाह्यल्याबिगर आकडा सांगत नसतो मी.” मग ज्याला घाई असे, तो दुसऱ्या कोणाला विचारी.

त्यांच्यावर संशय घेणं मला सुरुवातीला जड गेलं. अर्ध्या तासात जमायला लागलं.

मी वही मागवली. एप्रिलपासूनचे आकडे आमच्या कारकुनाने मोठ्याने वाचले आणि मी कागदावर उतरवले. आठ एप्रिलपर्यंत सगळं ठीक. एप्रिलच्या मानाने जरा जास्तच गरम. मग नऊ तारखेपासून पारा एकदम दीड-दोन अंशांनी उतरलेला, आणि तिथून पुढे तो कधी चव्वेचाळीस पॉइंट आठच्या वर चढलाच नव्हता. खंडारेंच्या मुलीचं लग्न तेरा एप्रिलला झालं होतं. मी त्या दोन तारखांमध्ये एक रेघ ओढली. शास्त्रीय शिक्षणाचा हा फायदा असतो, रेघ सरळ येते.

वहीच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला माझी सही होती. रोज संध्याकाळी खंडारे वही पुढे धरत आणि मी सही करी. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे खंडारेंच्या मुंगीएवढ्या अक्षरात काहीबाही असे, आणि माझी सही सरळ त्यावरूनच जाई, कारण सहीसाठी वेगळी जागा आखलेली नव्हती.

पहिल्या दिवशी मी माझ्या खोलीतूनच पाळत ठेवायची ठरवलं. ते सोयीचंही होतं. भूगोल विभागाची खोली नवीन बांधलेली, आणि जागेच्या टंचाईपायी ती पांढऱ्या पेटीच्या इतकी जवळ सरकवलेली, की मागच्या खिडकीतून पेटी आठ फुटांवर दिसे. शिवाय खोलीत कूलर होता. कोकणातला माणूस वऱ्हाडात मे महिन्यात जगावा म्हणून प्राचार्यांनी खास मंजूर केलेला, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, विमान उडाल्यासारखा आवाज करणारा.

साडेपाचला खंडारे आले. पेटीचं दार उघडलं. खांद्यावरचं फडकं काढून पेटीच्या खिळ्याला अडकवलं. आत डोकं घातलं. मी घड्याळ लावलं होतं, एक मिनिट चाळीस सेकंद. पारा वाचायला इतका वेळ लागत नाही. मग त्यांनी मान वर करून थेट माझ्या खिडकीकडे पाहिलं, नीट, दोन-तीन सेकंद, आणि मग वहीत लिहिलं.

कोणी पाहतंय का, हे बघून लिहिणारा माणूस. मी टिपून ठेवलं.

थोड्या वेळाने ते वही घेऊन आत आले. “चव्वेचाळीस पॉइंट सात, सर.”

“खंडारे, आकडा वाचल्यावर तुम्ही इकडे तिकडे का पाहता?”

“पाहा लागते, सर.”

“काय पाहावं लागतं?”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कूलरकडे. “तुमाले चौकशी नेमली म्हणतात.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“साऱ्याइले मालूम हाय. टपरीवाल्यानं आज माया चहाचे पैसे नाई घेतले. म्हणे, मिलवाले देतीन.” ते थांबले. “डाळीचे कट्टे माया मेव्हण्यानं पाठवले होते. तो मिलात हमाल हाय. गाडी मिलची होती, डाळ त्याची.”

“हे सिद्ध करता येईल?”

“लग्नातली डाळ कशी सिद्ध करतात, सर? जेवले लोकं.”

त्यांनी वही पुढे धरली. मी सही केली. बोटाने शेवटच्या रकान्याकडे दाखवून ते काहीतरी म्हणणार होते, पण मी म्हणालो, “जे असेल ते मी बघेन.” एखाद्या माणसाला गप्प करायचं असेल, तर हे वाक्य फार उपयोगी पडतं. मी ते अजून वापरतो.

दुसऱ्या दिवशी मी पाळत वाढवली. खोलीत बसून पेटीतलं कळणार नव्हतं, म्हणून पेटीजवळच्या निंबाखाली खुर्ची टाकली. खोलीला कुलूप घातलं, कूलर बंद केला. कॉलेजची वीज फुकट जाऊ नये याबद्दल मी तेव्हा फार दक्ष होतो. डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि शिपायाच्या सांगण्यावरून खिशात एक कांदा ठेवला. कांद्याने ऊन लागत नाही, असं वऱ्हाडात सगळे मानतात. मी भूगोलाचा पदवीधर असल्याने मानत नव्हतो. फक्त ठेवला होता.

दुपारी दोनच्या सुमारास दालमिल संघटनेचे सेक्रेटरी बाहेतीजी स्कूटरवरून आले. त्यांनाही चौकशीची बातमी लागली होती.

“सर, एक गोष्ट कानावर घालतो,” ते सावलीत सरकत म्हणाले. “या बायका खंडारेला फोडायला बघतायत. घरी जाऊन बसतात त्याच्या.”

“त्या म्हणतात, तो तुम्हाला फितूर आहे.”

“आम्हाला?” त्यांना मनापासून वाईट वाटलं. “अहो, आम्हाला वाटत होतं तो दोन वर्षं त्यांनाच फितूर होता. गेल्या वर्षी अकरा दिवस! यंदा कुठे माणूस सुधारला, तर तुम्ही चौकशी लावली.”

ते गेले. ऊन डोळ्यांना दिसत होतं. मैदानात एक कुत्रं सावलीच्या रेघेत लांब होऊन पडलं होतं आणि सावली सरकली की तेही तेवढंच सरकत होतं. पेटीजवळ दिवसभर कोणी फिरकलं नाही. साडेपाचला खंडारे आले, दार उघडलं, फडकं खिळ्याला अडकवलं. त्यांच्या खांद्यावरून मीही आत डोकावलो.

“वाचा,” मी म्हणालो.

“तुमी वाचा, सर.”

शेहेचाळीस पॉइंट दोन.

मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. खंडारेंनी मान वर करून माझ्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं.

एका तासात गावभर झालं. सर पहाऱ्याला बसले आणि पारा चढला. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा निंबाखाली बसलो, आणि पारा शेहेचाळीस पॉइंट चार. याहून स्पष्ट पुरावा कोणाला हवा होता? सुमनबाईंनी टपरीवरून मोठ्याने सांगितलं, “पहारा बसला तं बरोब्बर खरं बोलू लागला.” खंडारे तिथूनच सायकल हातात धरून चालले होते. ते थांबले नाहीत.

त्या संध्याकाळी सहा वाजता मी रिपोर्ट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. त्यात एक वाक्य होतं, “निरीक्षकाच्या सचोटीविषयी संशयास पुरेशी जागा आहे.” मला ते वाक्य आवडलं होतं. प्राचार्यांनाही आवडलं.

“निलंबन,” ते म्हणाले. “उद्या दहाला दोन्ही बाजूंना बोलावतो. पेन्शनचं काय होईल त्याच्या, देव जाणे. आणि फणसळकर, तुमचा जूनचा कागद मी तयार करायला सांगितलाय.”

मी खूश होऊन खोलीत आलो. दोन दिवस उन्हात बसून अंग तापलं होतं. कूलर लावला. विमान उडालं. गार वारा अंगावरून गेला, टेबलावरचे कागद फडफडले आणि मागच्या खिडकीतून बाहेर पडायला निघाले. ते धरायला मी खिडकीशी गेलो.

बाहेर हवा मुकी होती. निंबाचं पान हलत नव्हतं. खंडारे आज फडकं पेटीच्या खिळ्यालाच विसरले होते. ते फडकं फडफडत होतं.

मी बघत राहिलो. सबंध मैदानात हलणारी ती एकच वस्तू होती.

मी जाऊन कूलर बंद केला. परत खिडकीशी आलो. फडकं निमूट लोंबत होतं. पुन्हा चालू केला. फडकं हलायला लागलं. हे मी चार वेळा केलं. शास्त्रात प्रयोग तीनदा केला तरी चालतो, पण चौथ्यांदा तरी वेगळं काही होईल अशी मला आशा होती.

कूलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत ओल जमते आणि अंग चिकचिकतं. वऱ्हाडातल्या लहान मुलालाही हे ठाऊक असतं. मलाही पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. कूलर बसवला तो नऊ एप्रिलला. त्या दिवशी संध्याकाळी खंडारे दारात उभे राहून म्हणाले होते, “सर, मांगची खिडकी लावून घेतली तं बरं होईन.” आणि मी म्हणालो होतो, “खिडकी लावली तर कूलर काय कामाचा, खंडारे? तुम्हाला एवढंही माहीत नाही?” ते “बरं” म्हणून गेले होते.

म्हणजे नऊ एप्रिलपासून अकोला शहराचं म्हणून जे तापमान छापून येत होतं, ते माझ्या खोलीतून बाहेर पडलेल्या हवेचं होतं. आणि निर्मला त्या आकड्यावर अंगणात उभी होती.

मी कूलर बंद करून घरी गेलो. वाटेत खंडारेंचं घर लागतं. दार उघडं होतं. मी सायकल थांबवली नाही.

सकाळी दहाला प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. एका बाजूला सुमनबाई आणि दोन बायका, दुसऱ्या बाजूला बाहेतीजी. खंडारे भिंतीशी उभे होते, शर्टाची सगळी बटणं लावून. प्राचार्यांनी माझा रिपोर्ट वाचायला घेतला. जूनचा कागद त्याच फायलीत खाली होता, त्याची कड मला दिसत होती. “संशयास पुरेशी जागा आहे” हे वाक्य आलं, तेव्हा ते लिहिणारा माणूस मला मुळीच आवडला नाही.

“खंडारे, काही सांगायचंय?”

“नाई, सर.”

“मग मी—”

“मला सांगायचंय,” मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण थोडा वरच्या पट्टीतला. “पारा खंडारेंनी उतरवला नाही. मी उतरवला. माझ्या कूलरची हवा मागच्या खिडकीतून पेटीवर जाते. दोन दिवस मी बाहेर बसलो, कूलर बंद होता, म्हणून खरा आकडा आला.”

मला वाटलं होतं, कोणीतरी चिडेल, कोणीतरी निदान चकित होईल.

“किती दिले?” सुमनबाईंनी बाहेतीजींना विचारलं.

“मी? अहो, हे तर तुमच्या बाजूने बोलतायत.”

“आमच्या बाजूनं? खंडाऱ्याले सोडवून रायले ते. खंडाऱ्या तुमचा. मंग हे बी तुमचे.”

“फणसळकर,” प्राचार्य खालच्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला दोन दिवस ऊन लागलंय. घरी जा. पन्हं प्या.”

“खिडकीतून शहराचा पारा उतरते काय?” मागची बाई म्हणाली. “मंग आमच्या मिलात बी एक खिडकी लावा म्हणा.”

“सर, मी खोटं का बोलेन?”

“तेच तर शोधायला पाहिजे,” बाहेतीजी म्हणाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं कशावर तरी एकमत झालं होतं.

तेव्हा खंडारे भिंतीपासून हलले.

“साहेब, वही दाखवू काय?”

“आकडे पाहिलेत आम्ही.”

“आकडे नाई. शेरा.”

ते जाऊन वही घेऊन आले आणि एप्रिलचं पान उघडून प्राचार्यांसमोर ठेवलं. प्राचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वही नाकाशी नेली आणि मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागले.

“नऊ एप्रिल. कूलर चालू. मागील खिडकी उघडी. नोंद विश्वसनीय नाही.” ते थांबले. “दहा एप्रिल. कूलर चालू. मागील खिडकी उघडी. नोंद विश्वसनीय नाही. अकरा एप्रिल...” त्यांनी पान उलटलं. “एकोणीस मे. कूलर बंद. नोंद विश्वसनीय. वीस मे, कूलर बंद...”

रोज. बेचाळीस नोंदी. आणि प्रत्येक ओळीवरून निळ्या शाईत, शेवटच्या अक्षराला एक ऐटबाज वेलांटी देऊन, माझी सही.

प्राचार्यांनी वही सुमनबाईंकडे सरकवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिली. मग मान वर केली, पण माझ्याकडे नाही. खंडारेंकडे.

“तुमाले पह्यल्या दिवसापासून मालूम होतं?”

“लिवलं होतं बाई. रोज लिवलं.”

“तुमी लिवत रायले,” सुमनबाई म्हणाल्या, “अन् आमी भाजत रायलो.”

एकवीस वर्षांत पहिल्यांदाच बहुधा, खंडारेंनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

निलंबन टळलं. उरलेल्या मेमध्ये अंगण बारा ते चार बंद ठेवायचं ठरलं, पाऱ्याकडे न बघता. बाहेतीजी त्याला हो म्हणाले, कारण त्यांना पाऱ्याबद्दल आता कुठलीच खात्री राहिली नव्हती. माझा जूनचा कागद फायलीतून निघाला आणि एक वर्षाने परत आला. निर्मला दवाखान्यातून घरी गेली, पण पुन्हा अंगणात उभी राहू शकली नाही. तिच्या जागी तिची जाऊ आली.

त्या संध्याकाळी पावणेसहाला मी खोलीत आलो, तर खंडारे मागच्या खिडकीशी उभे होते. त्यांनी दोन्ही झडपा ओढून घेतल्या, कडी लावली आणि कडीत एक खिळा अडकवला.

“खंडारे, तुम्ही वही आधीच का नाही दाखवली? पहिल्याच दिवशी सुटला असता.”

“सही तुमची होती ना सर त्यावर. तुमच्या मांगं दाखवली असती, तं चुगली झाली असती. तुमी बोल्ले, मंग दाखवली.”

“आणि मी बोललोच नसतो तर?”

ते खिळा नीट बसलाय का, हे बोटाने चाचपून पाहत होते. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं झटकलं.

“पाह्यल्याबिगर आकडा सांगत नसतो मी, सर,” ते म्हणाले, आणि वही सहीसाठी माझ्यापुढे धरली.

मी आधी शेरा वाचला.